केसाएवढं भोक

गेल्या उन्हाळ्यात माझ्या जुन्या विभागातून फोन आला. दशरथ कांबळे निवृत्त झालेत, विभागाच्या स्मरणिकेत त्यांच्यावर एक पान टाकायचंय, तुम्ही त्यांच्याजवळ काम शिकलात, तेव्हा दोनशे शब्द लिहून द्या. बोलणारा बाबा पुढं म्हणाला, "फार खोलात नको, मॅडम. मितभाषी, मनमिळाऊ, सगळ्यांशी गोड, असं काहीतरी."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मितभाषी? दशरथअण्णा? सकाळपासून चार जणांवर ओरडल्याशिवाय त्या माणसानं कधी चहा घेतला नाही. आणि गोड कुणाशी? ज्यांनी त्याला तळमजल्यावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधायला बसवलं त्यांच्याशी? मी लिहीत नाही म्हटलं आणि फोन ठेवला. मग दिवसभर घरात भांडी आपटत फिरले, कारण न लिहिण्याचं खरं कारण त्या बाबाला मी सांगितलं नव्हतं.

अण्णा भालकी तालुक्यातल्या खटकचिंचोळीचे. आजोबांनी धम्म घेतला, वडील दुसऱ्याच्या रानात राबले, अण्णा आयटीआय करून कलबुर्गीच्या एका विज्ञान संस्थेत तंत्रज्ञ म्हणून लागले. संस्थेचं नाव मी घेत नाही, तिथल्या प्रमुखांचंही नाही. त्यांना सगळे नुसतं सर म्हणायचे, तेवढं पुरे. मी अफजलपूरकडची, करजगीची. घरी तूर आणि ऊस, घराण्यात पीएच.डी.ला बसलेली पहिलीच मी, त्यामुळं डोक्यात हवा बरीच.

आमचं काम सांगायला सोपं आणि करायला जीवघेणं होतं. आपल्या अंगातल्या प्रत्येक पेशीला एक पडदा असतो आणि त्या पडद्यात बारीक दारं असतात. दार उघडलं की मिठाचे कण जातात, मिटलं की थांबतात. ही उघडझाप मोजायची तर तसाच पडदा शरीराबाहेर तयार करावा लागतो. त्यासाठी पांढऱ्या टेफ्लॉनचा एक ठोकळा असायचा, पानसुपारीच्या डब्याएवढा. त्याला आम्ही कप म्हणायचो. त्यात दोन खळगे, दोन्हीत मिठाचं पाणी, मधे प्लास्टिकचा अगदी पातळ कागद, आणि त्या कागदाला केसाएवढं एक भोक. भोकावर ब्रशनं चरबीचा थेंब लावायचा. तो पसरत पसरत इतका पातळ होतो की सूक्ष्मदर्शकातून काळा दिसायला लागतो. झाला पडदा. मग दोन्हीकडे चांदीची तार सोडायची, पाण्यात आपलं प्रथिन टाकायचं आणि वाट बघायची. प्रथिनानं पडद्यात दार केलं, की संगणकावरची सरळ रेघ पायरी चढल्यासारखी वर जाते. मी त्या पायऱ्यांसाठी दीड वर्ष डोळे फोडत बसले होते. माझे पडदे वीस मिनिटांतच फुटायचे.

पडदा फुटला की मी रडवेली व्हायचे आणि अण्णा भडकायचे.

"पडद्याला काय इचारायलीस? तेला काय कळतंय? तेला बसायला जागा कशी दिलीस ते सांग आधी."

जागा म्हणजे ते भोक. सगळं जग पडद्याबद्दल बोलायचं, प्रथिनाबद्दल बोलायचं, अण्णा बोलायचे तो ज्याच्यावर ताणलाय त्या कागदाबद्दल. कागद जाड असला की रेघ थरथरते. काठ खरबरीत असला की पडदा टेकत नाही. भोक मोठं झालं की पडदा लोंबतो. हे पुस्तकात एका ओळीत असतं. अण्णांनी ते मला तीन महिने शिकवलं, आणि त्या तीन महिन्यांत मला एकही प्रयोग करू दिला नाही. नुसती भोकं पाडायची. सुई तापवायची, कागदाला टोक लावून लगेच उचलायची, सूक्ष्मदर्शकाखाली काठ बघायचा. मी पहिल्या दिवशी चाळीस भोकं पाडली. अण्णांनी चाळीसही बघितली, एकेक, डोळा न मिटता, आणि सगळी कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"काठ कसा पायजे? चिनीमातीच्या बशीवानी. ह्ये बघ तुझं. उंदरानं कुरतडल्यावानी."

"अण्णा, एवढं कुठं दिसतंय?"

"तुला दिसंना म्हणून पडद्यालाबी दिसंना व्हय?"

मी दुसऱ्या दिवशी सरांकडे तक्रार घेऊन गेले, की तंत्रज्ञ मला काम करू देत नाही. सर हसले आणि म्हणाले, कांबळेंचं डोकं जरा गरमच आहे, तुम्ही मनावर घेऊ नका. अण्णांना ते कळलं. त्यांनी मला एका शब्दानं विचारलं नाही. फक्त त्या दिवशी शंभर कागद कापून माझ्या टेबलावर ठेवले.

प्रयोगशाळेच्या दारावर त्यांनी मराठी, कन्नड आणि उर्दूत एकच सूचना चिकटवली होती: पाय हळू. कारण जोरात पाऊल पडलं तरी पडदा फुटतो. एकदा बाहेरून तपासणी समिती आली. पाच-सहा जण, टकाटक बूट वाजवत, पुढं सर. अण्णा दारात आडवे उभे राहिले.

"बूट काढा, साहेब."

सरांचा चेहरा पडला. "कांबळे, पाहुणे आहेत."

"म्हणूनच काढा म्हणायलोय. आत तीन तास खपून आत्ता कुटं पडदा उभा ऱ्हायलाय. पाहुणे जातील, मग पडदा कोण उभा करंल, तुमी?"

त्या साहेबलोकांनी भिंतीला धरून बूट काढले. एकाच्या मोज्याला अंगठ्याजवळ भोक होतं. अण्णा ते भोक बघून म्हणाले, "काठ चांगला न्हाई." मी हसू दाबताना तोंडात पदर घातला. सर हसले नाहीत. सर अशा गोष्टी विसरत नसत, हे मला तेव्हा कळायला पाहिजे होतं.

मग एका वर्षी परदेशी कागद यायचाच बंद झाला. अर्ज गेला, परत आला, पुन्हा गेला. सगळे विद्यार्थी हात बांधून बसले. अण्णांनी काय केलं? दुधाची पिशवी कापली. सलाईनची बाटली कापली. जुना एक्स-रे धुऊन त्याची फिल्म कापली. शिकवायला वापरायची ती पारदर्शक पानं, कॅसेटच्या वरचं वेष्टण, बिस्किटाच्या पुड्याचं आतलं प्लास्टिक, काही म्हणून सोडलं नाही. प्रत्येकाला भोक पाडायचं, पडदा बसवायचा, किती टिकला ते वहीत लिहायचं. वही मराठीत, पण अक्षरं कन्नड, कारण शाळा कन्नड होती. मला वाचून दाखवायचे: "दुधाची पिशवी. काठ वितळतो. मरू दे. एक्स-रे फिल्म. रेघ लई थरथरती. मरू दे." असली अठ्ठावीस मरू दे होती त्या वहीत.

शेवटी त्यांनी किराणा दुकानातून चायना ग्रास आणलं, ज्याची आपण उन्हाळ्यात वडी करतो ते. ते मिठाच्या पाण्यात शिजवून भोकाच्या एका बाजूला थिजवलं, म्हणजे पडद्याला खालून मऊ गादी मिळाली. वीस मिनिटांत फुटणारा पडदा त्या दिवशी सहा तास उभा राहिला. सहा तास अण्णा स्टुलावरून उठले नाहीत. जेवायला बोलवायला गेले तर हातानंच मला पिटाळलं. जगात इतर ठिकाणी लोकांनी असल्या गाद्या आधी केल्या होत्या, हे मला नंतर वाचून कळलं. अण्णांनी ते वाचलं नव्हतं, त्यांनी ते शोधलं होतं. पुढं दुकानातलं सोडून प्रयोगशाळेतलं शुद्ध आणलं, पण पद्धत तीच. सरांनी ती पद्धत शोधनिबंधात घातली आणि अण्णांचं नाव शेवटी आभारात घातलं, तेही आडनाव चुकवून. अण्णा म्हणाले, "पडदा टिकला न्हवं? मग झालं." मला वाटलं, माणूस मोठ्या मनाचा आहे. आता वाटतं, मी तेव्हाच भांडायला पाहिजे होतं. पण मला तरी माझ्या पायऱ्यांशिवाय दुसरं काय दिसत होतं?

आता हळदीचं सांगते.

आमच्याकडे दसऱ्याच्या आदल्या दिवशी आयुधपूजा असते. गॅरेजमध्ये पान्यांची होते, एसटीत बसची होते, तशी आमच्या प्रयोगशाळेतही यंत्रांची व्हायची. झेंडूच्या माळा, केळीचे खुंट, चुरमुरे, हळदकुंकू. अण्णा बौद्ध, ते पूजेत बसत नसत. पण पूजेला त्यांनी कधी नाक मुरडलं नाही. उलट टेबल तेच पुसून द्यायचे आणि नंतर चुरमुरेही खायचे. त्यांचा एकच नियम होता. हळदकुंकू यंत्राच्या पेटीला, टेबलाच्या पायाला, पाहिजे तर माझ्या डोस्क्याला लावा. पण कप कपाटात कुलपात राहील. ज्याच्यात पडदा बसतो त्याला पाणी आणि मीठ सोडून काही शिवता कामा नये. पूजा झाली की ते नागपूरची गाडी धरायचे, दीक्षाभूमीला, दर दसऱ्याला.

त्या वर्षी त्यांना म्हाताऱ्या आईला बरोबर न्यायचं होतं, म्हणून दोन दिवस आधी निघाले. कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. "पूजेला कप बाहेर काढू नको," एवढंच म्हणाले.

मी काढला. मुद्दाम काढला. माझी शिष्यवृत्ती संपत आली होती, आई फोनवर रोज विचारायची, आणि रेघ काही केल्या पायरी चढत नव्हती. मला वाटलं, सगळ्यांच्या यंत्रांना देवीचा हात लागतो आणि माझ्याच कपाला लागत नाही, म्हणून तर काम होत नाही. विज्ञानातली पदव्युत्तर पदवी घेतलेली बाई मी. कपाट उघडलं, कपाला पाच बोटं हळदीची लावली, कुंकू लावलं, नमस्कार केला, पुसला, धुतला आणि परत ठेवला.

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी पायऱ्या आल्या.

स्वच्छ, सरळ, एकामागून एक. मी किंचाळलेच. सर धावत आले, त्यांनी माझी पाठ थोपटली, दोन आठवड्यांत निबंध लिहून पाठवूनही दिला. मला खरंच वाटलं की देवी पावली. अण्णा पायऱ्या आल्या त्याच दिवशी नागपूरहून परतले, तीन दिवस नुसते रेघेकडे बघत बसले आणि म्हणाले, "ह्या पायऱ्या प्रथिनाच्या न्हाईत."

त्यांनी काय केलं ते नीट ऐका, कारण हे कुठल्या स्मरणिकेत येणार नाही. त्यांनी माझ्या कपात प्रथिन न टाकताच पडदा बसवला. पायऱ्या आल्या. मग दुसरा, नवाकोरा कप घेतला, त्यात प्रथिन टाकून पडदा बसवला. काही नाही, सरळ रेघ. असं त्यांनी आठवडाभर केलं. मग माझा कप खोलला. कागद कपाला चिकटवायला एक ग्रीस असतं, त्या ग्रीसमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पिवळी रेघ दिसली. हळद पाण्यानं जात नाही, ग्रीसमध्ये ती अडकून बसली होती आणि थोडी थोडी पडद्यात उतरत होती. असला तेलकट कचरा शिरला की पडदा गळतो, आणि कधी कधी अगदी पायऱ्या-पायऱ्यांनी गळतो. दार वगैरे काही नव्हतंच. पडदा नासला होता.

अण्णा वही घेऊन सरांकडे गेले. सरांनी आम्हा पाच-सहा जणांना खोलीत बोलावलं.

"म्हणजे पूजेनं यंत्र बिघडलं, असं म्हणायचंय का तुम्हाला, कांबळे?" सर शांतपणे म्हणाले.

"पूजेचं मी काय बोलंना. कपात हळद हाय, एवढंच म्हणायलोय. निबंध माघारी घ्या."

"तुमच्या मनातला राग आम्हाला कळतो. पण तो इथं काढू नका."

अण्णांचा चेहरा काळाठिक्कर पडला. "कसला राग, सर? इतकी वर्षं टेबल कोण पुसून द्यायलंय पूजेला? हळद कुणाची का असंना, पडद्याला जात कळत न्हाई."

मग सर माझ्याकडे वळले. "किल्ली तुमच्याकडे होती. पूजेला कप तुम्ही बाहेर काढला होता का?"

अण्णा माझ्याकडे बघत होते. रागानं नाही, आणि मी त्यांना तसं कधीच बघितलं नव्हतं. ते वाट बघत होते.

"नाही सर," मी म्हणाले.

भीतीनं म्हणाले असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. खोटं आहे ते. लोभानं म्हणाले. मला पदवी पाहिजे होती. आणि तेव्हा मला हेही कळलं नाही की माझ्या एका नाहीनं पुढचं वाक्य सरांच्या तोंडात आयतं घातलंय. "मग कांबळे, पूजेला कुलपात असलेल्या कपाला हळद लागली कशी? तुम्ही परत आल्यावर लावली नाही कशावरून?"

अण्णांनी वही उचलली आणि ते बाहेर गेले. महिनाभरात त्यांची बदली तळमजल्यावर परीक्षा विभागात झाली. संस्थेत सगळीकडे पसरलं, की कांबळेनं पूजेचा सूड घेतला. ज्यांना पडदा म्हणजे काय ते माहीत नव्हतं तेही डोळे मिचकावून बोलायचे. मी जिन्यात अण्णा दिसले तर दुसऱ्या जिन्यानं जायचे. मला पदवी मिळाली, नोकरी लागली, सरांना वरची खुर्ची मिळाली. अण्णा निवृत्तीपर्यंत गठ्ठे बांधत राहिले.

स्मरणिकेच्या फोननंतर पंधरा दिवसांनी मला एक मेल आली. दूरच्या एका विद्यापीठातली संशोधक मुलगी. तुमच्या निबंधातल्या पायऱ्या दोन वर्षं झाली मला मिळत नाहीत, माझं काय चुकतंय ते कृपा करून सांगाल का, मी सगळी पथ्यं पाळली आहेत. शेवटी लिहिलं होतं की आता तिचाच स्वतःच्या हातावर विश्वास राहिला नाही. ती मेल मी आठ दिवस उघडत होते आणि मिटत होते. नवव्या दिवशी दोन बस बदलून खटकचिंचोळीला गेले.

अण्णा अंगणात सुपात बियाण्याचे उडीद निवडत बसले होते. केस पार पांढरे. मला ओळखलं, पण उठले नाहीत, बस म्हणाले नाहीत. मी उभ्यानंच सांगितलं. किल्ली, कप, पाच बोटं, सगळं. सांगताना रडलेही. ते उडीद निवडत राहिले.

"झालं?" मी थांबल्यावर म्हणाले. "एवढंच सांगायला आलीस? मला त्याच दिवशी ठाव होतं. आल्याबरुबर तुझ्या नखात हळद बघितली मी."

"मग अण्णा, तेव्हा बोलला का नाहीत?"

"मी कामून बोलू? तुला तोंड न्हवतं व्हय?" आवाज तोच, जुना, प्रयोगशाळेच्या दारातला. "मी वाट बघितली. त्या दिवशी बघितली, महिनाभर बघितली. मला खाली गठ्ठे बांधायला लावलं तेचं काय वाटलं न्हाई. तू काठ बघायला शिकलीस माझ्याकडं, अन् डोळ्यादेखत वाकडं झालेलं सरळ म्हणालीस, तेचं वाटलं."

मी त्यांना मुलीच्या मेलबद्दल सांगितलं. पहिल्यांदा त्यांचा हात सुपात थांबला.

"तिला कळवलंस?"

"अजून नाही. आधी तुमच्याकडं..."

"माझ्याकडं कामून?" ते केवढ्यानं तरी ओरडले. "मी माफ केलं म्हणलं की झालं व्हय तुझं? ती पोरगी तिकडं रोज भोकं पाडायलीय, आपलाच हात खोटा म्हणायलीय, अन् तू इथं उभी राहून रडायलीस? ज्येला ठाव हाय तेलाच येऊन सांगायलीस. ज्येला ठाव न्हाई तेला सांग."

त्यांच्या बायकोनं आतून पाण्याचा तांब्या आणला. आमच्याकडे दारात आलेल्या वैऱ्यालाही पाणी विचारतात. अण्णांनी हात आडवा केला.

"ऱ्हाऊ दे. तिला काम हाय. चारची बस चुकंल."

बाई तांब्या धरून तशाच उभ्या राहिल्या. मी वाकून नमस्कार करायला गेले, तर अण्णांनी पाय मागं घेतले आणि सूप पुन्हा मांडीवर ओढलं. मी फाटकातून बाहेर पडताना मागं बघितलं. ते खाली मान घालून एक एक उडीद बोटानं बाजूला सारत होते, किडका तिकडं, चांगला इकडं, आणि माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

बसस्टँडवर बसायला जागा नव्हती. मी एका खांबाला टेकून फोन काढला, मुलीची मेल उघडली, उत्तरात सरांचा पत्ता घातला, निबंध छापणाऱ्यांचाही घातला. पहिलं वाक्य लिहिलं: तुमचा हात बरोबर आहे, कपाला हळद मी लावली होती आणि दशरथ कांबळेंनी ती शोधून काढली तेव्हा मी खोटं बोलले.